रेसिंग रोड बाईक: चालवताना काय जाणवतं आणि का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महागडी रेसिंग बाईक पहिल्याच फेरीत इतकी वेगळी का वाटते?

पहिल्या शंभर मीटरमध्ये तीन गोष्टी जाणवतात. पेडल दाबताक्षणी सायकल पुढे सरकते. हँडल नुसतं मनात आणलं तरी वळतं. आणि रस्त्याचा पोत तळहाताला कळतो. यातली पहिली गोष्ट बरीचशी हलक्या चाकांची आणि चांगल्या टायरची देणगी आहे. दुसरी फ्रेमच्या भूमितीची. तिसरी मात्र जवळपास पूर्णपणे टायरमधल्या हवेची.

हे आधीच सांगायचं कारण म्हणजे लोक या तिन्हींचं श्रेय किंवा दोष फ्रेमला देऊन मोकळे होतात. ‘ही फ्रेम फार कडक आहे, हात बधिर होतात’ अशी तक्रार असली की टायरमध्ये हमखास १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा निघते. फ्रेमबद्दल मत बनवायचं असेल तर आधी हवा, मग बसण्याचं माप आणि मग ढिले-आवळलेले बोल्ट या क्रमाने बाकीच्या शंका मिटवून घ्या. खालचे बरेच प्रश्न त्याबद्दलच आहेत.

मग फ्रेमचा वाटा नेमका कुठे असतो?

मुख्यतः दोन ठिकाणी. एक, बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे दोन्ही पेडलांचे दांडे जिथे फिरतात त्या बेअरिंगच्या, आसपासचा कडकपणा. उभं राहून जोर लावला की खालची फ्रेम डावी-उजवीकडे लवते; चांगल्या कार्बन फ्रेममध्ये हे लवणं फार कमी असतं, म्हणून स्प्रिंटमध्ये सायकल पायाखाली ‘घट्ट’ वाटते. दोन, पुढचा भाग, म्हणजे हेड ट्यूब (हँडलखालची उभी नळी) आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा). वेगाने वळण घेताना इथे पीळ बसला तर सायकल ठरवलेल्या रेषेवरून किंचित सरकते आणि वळणाच्या मध्येच हँडल दुरुस्त करावं लागतं.

१९८६ मध्ये ग्रेग लेमाँडने कार्बन फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हा ते नवल होतं. आज वरच्या दर्जाची फ्रेम ७०० ते ९०० ग्रॅममध्ये बसते आणि तरीही कडक असते, कारण कार्बनच्या धाग्यांची दिशा आणि थरांची संख्या प्रत्येक भागात वेगळी ठेवता येते. बसल्या जागी मिळणारा आराम मात्र टायर, सीटपोस्टची (सीटखालच्या दांड्याची) बाहेर राहिलेली लांबी आणि सॅडल (सीट) हेच बहुतांशी ठरवतात.

टायरमध्ये हवा किती भरायची?

टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. सुरुवातीसाठी एक ढोबळ हिशेब: रायडर ७० किलो, टायर २८ मि.मी., ट्यूबलेस, रस्ता बरा. पुढे ६२ आणि मागे ६६ पीएसआय. वजन ५ किलोने वाढलं-घटलं की साधारण ३ पीएसआय वर-खाली करा. साधी ट्यूब असेल तर ४-५ पीएसआय जास्त ठेवा, नाहीतर खड्ड्यात रिमच्या कडेवर ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. २५ मि.मी. टायर असेल तर हिशेब ८० च्या आसपास जातो.

जास्त हवेने सायकल वेगवान वाटते, कारण थरथर वाढते आणि शरीर त्या थरथरीलाच वेग समजतं. अगदी गुळगुळीत ट्रॅकवर जास्त हवा चालते. खडबडीत डांबरावर मात्र कडक टायर प्रत्येक खड्यावरून सायकल आणि रायडर दोघांनाही उचलतो, आणि ही उचलण्याची ऊर्जा पायांतूनच जाते. म्हणूनच एकेकाळी २३ मि.मी. टायरवर धावणारं व्यावसायिक रेसिंग आज २८ आणि त्याहून रुंद टायरवर आलं आहे.

योग्य दाब शोधायची सोपी रीत आहे. ओळखीच्या खडबडीत तुकड्यावर एकाच वेगाने चार-पाच फेऱ्या मारा आणि दर फेरीला ३ पीएसआय कमी करा. एका टप्प्यावर हातातली बारीक झिणझिण थांबते. आणखी खाली गेलात की वळणात मागचं चाक रबरी, ढिलं वाटू लागतं. या दोहोंच्या मधला दाब तुमचा. तो लिहून ठेवा आणि नेहमी एकाच गेजने मोजा, कारण दोन पंपांचे काटे सहज ५ पीएसआयने चुकतात.

रिम हूकलेस (टायर अडकवणारी आतली कड नसलेली) असेल तर ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, ही मर्यादा कधीही ओलांडू नका. टायर हूकलेस रिमला चालतो की नाही हे टायर आणि रिम बनवणाऱ्या दोघांच्याही यादीत तपासून घ्या. इथे अंदाजाने चालत नाही; टायर रिमवरून निसटला तर सावरायला वेळच मिळत नाही.

ट्यूबलेस, लॅटेक्स ट्यूब की साधी ट्यूब?

रोजच्या सरावाला ट्यूबलेस सरस. टायरमध्ये ३० ते ४० मि.लि. सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला आणि दर तीन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून आत काडी घालून बघा. काडी कोरडी आली तर सीलंट वाळलंय. गरम हवेत ते लवकर वाळतं.

लॅटेक्स ट्यूब चालवायला फार मऊ आणि वेगवान, पण रात्रीतून हवा सोडते. प्रत्येक राइडआधी पंप मारावाच लागतो. साधी ब्यूटिल ट्यूब सगळ्यांत निश्चिंत. ट्यूबलेस वापरत असलात तरी खिशात एक ट्यूब आणि दोन टायर लिव्हर हवेतच, कारण टायरला लांब चीर गेली तर सीलंट काही करू शकत नाही.

एक किलो वजन कमी झालं तर किती फरक पडतो?

सपाटीवर जवळजवळ नाहीच. चढावर हिशेब सरळ आहे. रायडर आणि सायकल मिळून ८० किलो धरा, १० किलोमीटरचा ७ टक्के चढ, वेळ ४० मिनिटं. एक किलो कमी झालं की एकूण वजन सव्वा टक्क्याने उतरतं आणि तेवढ्याच ताकदीत साधारण २५ ते ३० सेकंद वाचतात. शर्यतीत हे अंतर मोठं आहे. रविवारच्या राइडमध्ये दोन भरलेल्या बाटल्यांचं वजन त्याहून जास्त असतं.

यूसीआयच्या (सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या) शर्यतींत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. हा नियम २००० पासून आहे. त्यामुळे व्यावसायिक संघसुद्धा एका मर्यादेनंतर वजनाचा नाद सोडून हवेच्या रोधाकडे वळले.

एअरो फ्रेम (हवेचा रोध कमी करणाऱ्या आकाराची) घ्यावी का?

ताशी ४० किलोमीटरला सपाट रस्त्यावर तुमच्या ताकदीचा फार मोठा हिस्सा हवा कापण्यात जातो, आणि त्या रोधातला बहुतांश तुमच्या शरीराचा असतो. हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते: ३० वरून ४० वर जायचं तर ती जवळपास २.४ पट लागते. त्यामुळे आधी कोपरं वाकवून, हात हूड्सवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर) ठेवून, पुढचे बाहू जमिनीला समांतर आणायला शिका. सैल फडफडणारी जर्सी बदला. त्यानंतर फ्रेमचा विचार करा. एअरो फ्रेमचा फायदा खरा आहे, पण ताठ बसून चालवणाऱ्याला तो फारसा दिसणार नाही.

५०-६० मि.मी. खोल रिम वाऱ्यात ओढते, ते धोकादायक आहे का?

सततचा आडवा वारा त्रासदायक नसतो. शरीर आपोआप झुकून त्याच्याशी जुळवून घेतं. त्रास झोताचा. भिंतीच्या किंवा ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताच पुढच्या चाकावर थाप बसते आणि हँडल फिरतं. अशा वेळी हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वळलेल्या भागावर) ठेवा, पकड सैल आणि कोपरं वाकलेली. हलक्या वजनाच्या रायडरने पुढे ३५ ते ४५ आणि मागे खोल रिम लावली तर बहुतेक फायदा राहतो आणि धास्ती जाते. मागचं चाक सुकाणूला जोडलेलं नाही, म्हणून तिथे खोली चालून जाते.

सॅडलची उंची कशी ठरवायची?

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. दोन पायांमध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक धरून सॅडलच्या दाबाइतकं वर दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. या मापाला ०.८८३ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीट ट्यूबच्या रेषेत सॅडलच्या माथ्यापर्यंतचं अंतर. माप ८२ सें.मी. असेल तर उत्तर ७२.४. हे सूत्र जाड पेडल आणि जाड तळव्यांच्या शूजच्या काळातलं आहे, म्हणून आज त्यातून सुमारे ३ मि.मी. कमी करून सुरुवात करा. क्रँक (पेडलचा दांडा) आधीच्यापेक्षा ५ मि.मी. आखूड लावलीत तर सॅडल ५ मि.मी. वर घ्या.

सूत्र ही फक्त सुरुवात. खरी परीक्षा ट्रेनरवर (सायकल एका जागी चालवायच्या स्टँडवर) होते. मागून कुणालातरी बघायला सांगा: कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तर सॅडल उंच आहे. गुडघ्याच्या मागे ओढ बसत असेल तरी उंचच. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीखाली दुखत असेल तर बहुधा खाली आहे किंवा फार पुढे सरकलंय. एका वेळी ३ मि.मी. पेक्षा जास्त बदलू नका आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन राइड होऊ द्या. एकाच दिवशी उंची, पुढे-मागे आणि क्लीट (शूजखालची, पेडलला अडकणारी पट्टी) असे तीन बदल केले की कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं हे कधीच कळत नाही.

हात बधिर होतात, मान अवघडते. हँडल वर घ्यावं का?

लगेच नाही. आधी सॅडलचं टोक बघा. ते खाली झुकलेलं असेल तर अंग सतत पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. सॅडल सपाट किंवा जास्तीत जास्त २ अंश खाली ठेवा. मग ते फार पुढे आहे का ते पाहा, ५ मि.मी. मागे सरकवल्यावर वजन पुन्हा कमरेवर जातं आणि हात चक्क हलके होतात. एवढं करूनही त्रास राहिला तर स्टेमखालचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याखालचे) स्पेसर वाढवा किंवा १० मि.मी. आखूड स्टेम लावा.

ज्या फ्रेमला ४० मि.मी. स्पेसर आणि ८० मि.मी. स्टेम लावूनच बसता येतं, ती फ्रेम त्या माणसासाठी नाही. ती कितीही देखणी असली तरी घेऊ नये. फ्रेमची निवड ‘मिडियम-लार्ज’ वरून न करता स्टॅक (बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या माथ्याची उंची) आणि रीच (तिथपर्यंतचं आडवं अंतर) या दोन आकड्यांवरून करा.

वळताना पायाचं बोट पुढच्या चाकाला लागतं. फ्रेम चुकीची आहे का?

लहान मापाच्या रेसिंग फ्रेममध्ये हे नेहमीचं आहे. फक्त चालण्याच्या वेगात, हँडल बरंच फिरवल्यावर लागतं. वेगात हँडल तेवढं फिरतच नाही. सिग्नलला यू-टर्न घेताना आतला पाय मागे ठेवायची सवय लावा.

ही सायकल सरळ रस्त्यावर चंचल वाटते, वळणात मात्र छान. असं का?

रेसिंग बाईकचा ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला टेकते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) साधारण ५५ ते ६० मि.मी. आणि चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकापर्यंतची नळी) ४०५ ते ४१५ मि.मी. असते. आखूड चाकांतर आणि कमी ट्रेल यामुळे ती लगेच दिशा बदलते. दहा-पंधरा राइडनंतर तो चंचलपणा जाणवेनासा होतो. वळणात बाहेरचा पाय खाली आणि त्यावर खरंखुरं वजन, आतल्या हाताने ड्रॉप हलकेच पुढे ढकलणं, नजर वळणाच्या शेवटाकडे. ब्रेकिंग वळणाआधी उरका.

उतारावर अचानक हँडल थरथरू लागलं तर काय करायचं?

पेडल मारणं थांबवा. गुडघ्यांनी वरची नळी, टॉप ट्यूब, घट्ट आवळा. सॅडलवरचं वजन थोडं उचला, हाताची पकड सैल करा आणि ब्रेक हळूहळू लावा. घाबरून हँडल आवळून धरलं की थरथर वाढते, कारण ती फ्रेम आणि ताठरलेल्या अंगाने मिळून घेतलेली लय असते. गुडघ्यांनी ती लय मोडते.

घरी आल्यावर हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) तपासा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटच्या फटीवर ठेवा. ‘टक’ असा बारीक धक्का बोटांना लागला तर तो ढिला आहे. स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करा, वरचा टोपीचा बोल्ट खेळ जाईपर्यंतच आवळा, मग बाजूचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर. उलट क्रमाने केलंत तर वरचा बोल्ट कितीही पिळला तरी खेळ जाणार नाही.

इलेक्ट्रॉनिक गिअर खरंच हवेत का?

हवेत असं नाही, पण एकदा वापरले की तारेकडे परतणं जड जातं. शिमानोचे २००९ पासून आणि स्रॅमचे वायरलेस २०१६ पासून बाजारात आहेत. केबल ताणली जाणं, आतून गंजणं हे प्रश्नच उरत नाहीत आणि चढावर जोर असतानाही पुढची चेनरिंग (दातेरी चकती) स्वच्छ बदलते.

गिअर बिघडल्यावर लोक ॲपमध्ये शोधत बसतात, पण दोष बहुतेक वेळा डिरेलर हँगर (मागची गिअर यंत्रणा फ्रेमला धरणारा छोटा तुकडा) वाकल्याचा असतो. सायकल उजव्या बाजूला नुसती कलंडली तरी तो वाकतो. वरच्या दोन-तीन मोठ्या दात्यांवर खडखड आणि छोट्या दात्यांवर शांत, अशी लक्षणं असतील तर आधी हँगर गेजने सरळ करून घ्या.

गुणोत्तर निवडताना अभिमान बाजूला ठेवा. पुढे ५२/३६ आणि मागे ११-३४ दात असतील तर सर्वांत हलक्या गिअरवर, मिनिटाला ८० फेऱ्या मारून, ताशी जवळपास ११ किलोमीटर वेग राहतो. १० टक्के चढावर, रायडर-सायकल मिळून ७८ किलो असेल तर त्यालाही सुमारे २५० वॅट लागतात. मागे ११-३० लावलीत तर तेवढ्याच वॅटला पाय ७० फेऱ्यांवर अडकतात आणि गुडघे बोलू लागतात.

डिस्क ब्रेक किंचाळतात किंवा घासतात. काय करावं?

आवाज ओळखा. जोरात ब्रेक मारल्यावर थोडा वेळ ‘तिंग तिंग’ ऐकू येऊन थांबत असेल तर रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) तापून किंचित वाकला होता, दुर्लक्ष करा. प्रत्येक फेरीला एकदा ‘श्श’ होत असेल तर रोटर एका जागी वाकलाय. सतत घासत असेल तर कॅलिपरचे (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन्ही बोल्ट सैल करा, ब्रेक दाबून धरा आणि ते आळीपाळीने थोडे थोडे आवळा.

किंचाळणं आणि पकड कमी होणं दोन्ही एकत्र आलं तर पॅडला तेल लागलंय. चेनवर मारलेला स्प्रे हे नेहमीचं कारण. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पॅड बदला. तेल प्यायलेला पॅड घासून क्वचितच सुधारतो. नव्या पॅडला बसवून घ्यावं लागतं: ताशी २५-३० किलोमीटरवरून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा ब्रेक, पण पूर्ण थांबू नका. बहुतेक रोटर नवे असताना १.८ मि.मी. जाड असतात आणि १.५ ला बदलायचे. किमान जाडी रोटरवरच कोरलेली असते.

शिमानोला मिनरल ऑइल लागतं, स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट द्रव. एकाचं दुसऱ्यात घातलं तर आतली रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो.

पेडल मारताना करकर येते. बॉटम ब्रॅकेट गेलं का?

असेलही, पण ते सर्वांत शेवटी उघडा. कार्बनची पोकळ फ्रेम आवाज लांब वाहून नेते, त्यामुळे कान हमखास फसतात. आधी उभं राहून पेडल मारा. आवाज थांबला तर दोष सॅडलच्या रेल्समध्ये किंवा सीटपोस्टमध्ये. उभं राहिल्यावरच येत असेल तर स्टेम, हँडल किंवा हेडसेट. पेडल न मारता उतारावरही येत असेल तर चाक, थ्रू-ॲक्सल (चाकाचा आरपार दांडा) किंवा स्पोक एकमेकांना छेदतात ती जागा. दर फेरीला एकाच जागी ‘टक’ होत असेल तर पेडल, क्लीट किंवा चेनरिंगचे बोल्ट.

क्रम असा ठेवा: थ्रू-ॲक्सल काढून पुसून हलकं ग्रीस, पेडलचे आटे साफ करून ग्रीस, क्लीटचे बोल्ट, सीटपोस्ट काढून आतली धूळ पुसून नवी कार्बन पेस्ट, हँगरचा स्क्रू. दहापैकी बरेच आवाज इथेच संपतात. त्यानंतरही राहिला तर क्रँक काढा आणि बेअरिंग बोटाने फिरवून बघा. खरखर किंवा अडखळ जाणवली तर मात्र बदला.

टॉर्क रेंच खरंच लागतो का?

कार्बनवर लागतोच. हँडल आणि स्टेमचे बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटर, सीटपोस्ट ५ ते ६, डाव्या क्रँकचे बोल्ट शिमानोला १२ ते १४. भागावर छापलेला आकडा अंतिम. सीटपोस्ट घसरतेय म्हणून जास्त आवळू नका. कार्बन पेस्ट लावा. तिच्यातल्या बारीक कणांमुळे कमी टॉर्कवर पकड बसते. स्टेमच्या चार बोल्टना आडव्या-तिडव्या क्रमाने थोडं थोडं आवळा, वरची आणि खालची फट सारखी ठेवून.

चेन कधी बदलायची?

१२ स्पीडला ०.५ टक्के झिजल्यावर. दहा इंच, म्हणजे २५४ मि.मी. लांबीत १.२७ मि.मी. वाढ. गेज घालून बघा, किलोमीटर मोजू नका. चिखलात दोन हजारांत जाते, कोरड्या रस्त्यावर स्वच्छ ठेवली तर पाच हजारांपर्यंत चालते. उशीर केला तर कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) आणि चेनरिंगही झिजतात.

मेण वापरायचं असेल तर कारखान्यातलं ग्रीस आधी पूर्ण काढावं लागतं. अर्धवट काढलं तर मेण आतल्या रोलरपर्यंत पोचत नाही आणि शंभर किलोमीटरवर चेन चिवचिवू लागते.

पडल्यावर कार्बन फ्रेम तपासायची कशी?

फ्रेम धुऊन कोरडी करा. उजेडात तिरकं बघा. रंगावरची ओरखड आणि चीर यांत फरक आहे: चीर नखाला अडकते आणि बहुधा धाग्याच्या दिशेने जाते. मग एका नाण्याने नळीवर टकटक करत पुढे सरका. चांगल्या जागी आवाज टणक आणि स्वच्छ येतो. थर सुटले असतील तिथे तो एकदम बद्द होतो, ओल्या लाकडावर वाजवल्यासारखा. जोड आणि जाड भागांजवळ आवाज तसाही बदलतो, म्हणून दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी तुलना करा. संशय राहिला तर अल्ट्रासाउंड तपासणी करून घ्या. फ्रेमच्या नळ्या दुरुस्त होऊ शकतात. फोर्क, स्टिअरर आणि हँडलबाबत मात्र संशय आला की भाग बदला.

दोन बाईक चालवून तुलना करायची आहे. काय पाळावं?

दोन्हींना एकाच रुंदीचे टायर आणि एकाच गेजने मोजलेली एकच हवा. सॅडलची उंची, सॅडलपासून हूड्सचं अंतर आणि उंचीतला फरक मोजून सारखा करा. शक्य असेल तर आपलंच सॅडल आणि आपलीच पेडल लावा. मग एकच रस्ता, ज्यात दोन किलोमीटर खडबड, एक छोटा चढ, एक ओळखीचं वळण आणि एक जोरदार ब्रेकिंग असेल. आधी अ, मग ब, मग पुन्हा अ. दुसऱ्यांदा ‘अ’वर बसल्यावर पहिल्यापेक्षा वेगळं वाटलं, तर तो फरक तुमच्या पायांचा किंवा वाऱ्याचा आहे.

टायर बदलणं शक्य नसेल तर निदान हवा तरी सारखी करून घ्या. दुकानातल्या सायकलींत ती बहुधा गरजेपेक्षा बरीच जास्त असते.

पावसात राइड झाली. परतल्यावर किती मेहनत घ्यावी?

वीस मिनिटं. हलक्या पाण्याने धुवा, जोराचा फवारा हब आणि हेडसेटवर मारू नका. चेन फडक्याने कोरडी करून त्याच दिवशी तेल द्या. रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी तांबूस दिसेल. सीटपोस्ट काढून सायकल उलटी धरा, फ्रेममध्ये साचलेलं पाणी बाहेर येऊ द्या. ब्रेकच्या होज (तेलाच्या नळ्या) हेडसेटमधून आत जात असतील तर वरच्या बेअरिंगकडे वर्षातून एकदा नक्की बघा. घाम आणि पाणी तिथेच मुरतं, आणि ते बेअरिंग एकदा गंजलं की बदलण्यासाठी बऱ्याच सायकलींत ब्रेकची होज सोडून पुन्हा ब्लीड करावी (आतली हवा काढून तेल भरावं) लागते. हँडल डावी-उजवीकडे हळूच फिरवताना मध्यावर ‘खट’ करून अडकल्यासारखं वाटलं, तर ती वेळ आलेली आहे.